बहिरे कोण? प्रेक्षक की प्रेक्षागृहे?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. नाशिकमधील एका नाट्यगृहात आम्ही एक गाजलेले मराठी नाटक पाहावयास गेलो होतो. आमच्या पुढच्याच रांगेत ओळखीचे एक दाम्पत्य बसले होते. नवरा-बायको दोघेही जन्मापासून कर्णबधिर. त्यांच्या मधोमध त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा. त्याला उत्तम ऐकू येते. पडदा वर गेला आणि त्या मुलाचे हात हलू लागले. रंगमंचावरील प्रत्येक संवाद तो खुणांच्या भाषेत आईवडिलांना सांगत होता. एकदा डावीकडे वळून आईला, एकदा उजवीकडे वळून वडिलांना. सारे प्रेक्षागृह हसले की त्या दोघांचे हसू क्षणभर मागाहून येई, पण येई. आम्ही नाटक पाहणे विसरून त्या दोन लहान हातांकडेच पाहत राहिलो.

हे पाऊण तास चालले. मग मागच्या रांगेतील एका सुशिक्षित गृहस्थांनी तक्रार केली की, समोरच्या हातवाऱ्यांनी आमचे लक्ष विचलित होते. नाट्यगृहाचा कर्मचारी विजेरी घेऊन आला आणि ज्या कुटुंबाच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता त्या कुटुंबाला म्हणाला, "शांत बसा." मध्यंतरात ती तिघे उठली आणि घरी निघाली. बाहेर आम्ही मुलाला विचारले, "नाटक कसे वाटले रे?" तो म्हणाला, "काका, मी नाटक पाहिलंच नाही. मी फक्त सांगत होतो."

वाचकहो, त्या दाम्पत्याने तिकिटाचे पूर्ण पैसे मोजले होते. सवलत मागितली नव्हती, दया मागितली नव्हती. तिघांच्या पैशांत तिघांपैकी एकालाही नाटक मिळाले नाही. बाजारात अशा व्यवहाराला आपण फसवणूक म्हणतो. नाट्यगृहात मात्र त्याला दुर्दैव म्हणतो आणि ते दुर्दैव त्या दोघांच्या कानांच्या माथी मारून मोकळे होतो. आमचे म्हणणे नेमके येथेच आहे. उणीव त्यांच्या कानांत नाही, ती आपल्या प्रेक्षागृहात आहे. कान दुरुस्त करणे माणसाच्या हाती नेहमीच नसते. प्रेक्षागृह दुरुस्त करणे नेहमीच असते.

आधी एका शब्दाचा समाचार घेतला पाहिजे. आपण सर्रास 'मूकबधिर' म्हणतो. यातील 'मूक' हे विशेषण खोटे आहे. ज्या मुलाने पाऊण तास संपूर्ण नाटक हातांनी बोलून दाखवले, ज्या आईवडिलांनी ते डोळ्यांनी ऐकले आणि मध्येच हातांनी प्रश्नही विचारले, त्यांच्यात मुके कोण होते? खुणांची भाषा ही तोंडी भाषेची मोडकीतोडकी नक्कल नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, स्वतःची वाक्यरचना आहे, तिच्यात विनोद होतो, भांडण होते आणि प्रार्थनाही होते. भारत सरकारने २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. त्या केंद्राचा कोश २०१८ मध्ये सुमारे ३ हजार शब्दांचा होता, तो २०२१ मध्ये १० हजार शब्दांवर गेला. २३ सप्टेंबर हा दिवस २०१८ पासून जगभर खुणांच्या भाषांचा दिवस म्हणून पाळला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले आणि ते योग्यच झाले. पण याच महाराष्ट्रात चार लाखांहून अधिक माणसांना ऐकण्याचे अपंगत्व आहे, असे २०११ ची जनगणना सांगते. त्यांतील ज्यांची पहिली भाषा हातांवर बोलली जाते, त्यांच्या भाषेसाठी आपण कधी एक खुर्ची तरी सरकवली आहे काय?

हा प्रश्न नाशिककरांना विचारण्याचे एक खास कारण आहे. मूकपटांच्या काळात आपले शहर साऱ्या देशाला बोलावीत होते, आणि ते शब्दांचा उच्चार न करता.

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला आणि १९४४ साली त्यांनी नाशिक येथे देह ठेवला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तजीवन सरकत होते आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहत होते, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे. त्या एका दर्शनातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जन्मला. त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन' ही चित्रे येथेच घडली. आपल्या प्रभूची कथा, एकही शब्द कानी न पडता, एका हिंदू कलावंताच्या अंतःकरणात शिरली आणि तिने भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घातला. ख्रिस्ती कुटुंबांनी ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी अशीच आहे. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. सुवार्ता केवळ कानावाटेच येते असे ज्यांना वाटते, त्यांना फाळक्यांच्या त्या संध्याकाळने कायमचे उत्तर दिलेले आहे.

मूकपटात दृश्यांच्या मध्ये अक्षरांच्या पाट्या येत. कथेचा धागा त्या पाट्यांवर असे. ज्याला वाचता येई तो त्या वाची. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारचा वाचून दाखवी. त्या अंधारात वाचता येणारा कर्णबधिर माणूस कोणाहून उणा नव्हता. उलट, उत्तम ऐकू येणारा निरक्षर मनुष्यच दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसे. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला, पडदा बोलू लागला, आणि सारा देश हर्षभरित झाला. त्याच दिवसापासून अक्षरांच्या पाट्या नाहीशा होऊ लागल्या आणि कर्णबधिरांना चित्रगृहाचे दार बंद झाले. कोणी ते मुद्दाम बंद केले नाही. ते बंद झाल्याचे कोणाच्या लक्षातच आले नाही, आणि आमच्या मते हीच अधिक लज्जास्पद गोष्ट आहे.

अमेरिकेतही हेच घडले. पण तेथे एमर्सन रोमेरो नावाचा एक कर्णबधिर मूकपट-अभिनेता स्वस्थ बसला नाही. १९४७ च्या सुमारास त्याने बोलपटांच्या फिती मिळवल्या, त्या कापल्या, मध्ये पुन्हा अक्षरांच्या पाट्या चिकटवल्या आणि ते चित्रपट कर्णबधिरांच्या मंडळांकडे धाडले. १९५८ मध्ये तेथील सरकारने कर्णबधिरांसाठी अक्षरपट्टीसह चित्रपट पुरवण्याचा कायदा केला. आपल्याकडे काय झाले? १९९६ साली 'खामोशी' हा हिंदी चित्रपट आला. गोव्यातील एका कर्णबधिर कॅथलिक दाम्पत्याची ती कथा. जोसेफ आणि फ्लेवी ब्रगांझा आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. आपण रुमाल भिजवून बाहेर पडलो. पण ज्यांच्या आयुष्यावर आपण रडलो, त्या कर्णबधिर प्रेक्षकाने शेजारच्या खुर्चीवर बसून काय करावयाचे होते? पडद्यावरील त्यांच्या मुलीचे बोलणे आणि गाणे त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी एक ओळही खाली नव्हती. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांच्यासाठी नाही.

आता आजच्या नाशिककडे वळू. महाकवी कालिदास कलामंदिर आहे, साईखेडकर नाट्यगृह आहे, १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रजांचे स्मारक आहे, गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला आहे, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी खुद्द फाळक्यांचे स्मारक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहराने भरवले. कलामंदिराचे नूतनीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले. सभागृहे नवी होतात तेव्हा आपण खुर्च्या मऊ आहेत का, गारवा पुरेसा आहे का, वाहने कोठे लावायची, असे विचारतो. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी येथे काय आहे, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कितीजणांनी विचारला? आम्हीही विचारला नाही. म्हणून हा लेख कोणा अधिकाऱ्यावर आसूड ओढण्यासाठी नाही. पहिला फटका आमच्याच पाठीवर आहे.

हा विषय काढला की काही आक्षेप ठरलेले असतात. त्यांना एकदा नीट सामोरे जाऊ.

पहिला आक्षेप खर्चाचा. "हे सारे परदेशात शोभते, आपल्याला परवडत नाही." काय परवडत नाही, ते तरी पाहू. नाटकाची संहिता आधीच टंकलिखित असते. ती संगणकात घालावी. रंगमंचाच्या वर किंवा कडेला एक अरुंद पडदा लावावा, त्यावर प्रक्षेपकाने संवाद दाखवावेत, आणि तालमीला बसलेल्या एका माणसाने नटाच्या बोलण्याबरोबर ओळी पुढे सरकवाव्यात. एवढीच अक्षरपट्टी. लंडनमध्ये स्टेजटेक्स्ट ही संस्था २००० सालापासून हेच काम करीत आहे. दुसरी सोय श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची. सभागृहाच्या कडेने तारेचे एक वेटोळे फिरवतात. मायक्रोफोनमधील आवाज विद्युत्प्रवाह होऊन त्या तारेतून जातो, त्याचे चुंबकीय क्षेत्र श्रवणयंत्रातील एका चिमुकल्या गुंडाळीला जाणवते, आणि नटाचा आवाज थेट कानात येतो. मधला खोकला, खुर्च्यांची करकर आणि शेजाऱ्याच्या वेफर्सची पिशवी वगळून. तिसरी सोय खुणांच्या भाषेतील दुभाष्याची. त्याला संहिता आठवडाभर आधी द्यावी, रंगमंचाच्या एका बाजूला प्रकाशात उभे करावे, त्या बाजूच्या पहिल्या दोन रांगा कर्णबधिरांसाठी राखाव्यात, आणि त्याला नटासारखेच मानधन द्यावे. स्वागतकमानींवर आणि शालश्रीफळांवर आपण जो खर्च करतो, तो करताना परवडण्याचा प्रश्न कोणी काढत नाही, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

दुसरा आक्षेप संख्येचा. "असे येतात तरी कितीजण?" ज्या घराला जिना नाही त्या घराच्या माडीवर कितीजण येतात, असे विचारण्यासारखे हे आहे. ते येत नाहीत, कारण एकदा येऊन पाहिल्यावर पुन्हा येण्याजोगे आपण काही ठेवलेले नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात ऐकण्याचे अपंगत्व असलेली ५० लाखांहून अधिक माणसे नोंदली गेली. आणि हा प्रश्न केवळ जन्मतः कर्णबधिर असणाऱ्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत जगातील दर चार माणसांपैकी एकाला कमीअधिक प्रमाणात ऐकू न येण्याचा त्रास असेल. वाचकहो, तो चौथा माणूस आपल्याच घरात आहे. पूर्वी नाटकाचे तिकीट मिळाले नाही म्हणून रुसणारे आपले आजोबा अलीकडे "मला कंटाळा येतो, तुम्ही जा" असे म्हणू लागले असतील, तर तो नाटकाचा कंटाळा नव्हे. न ऐकल्याची लाज आहे ती.

तिसरा आक्षेप रसिकांचा. "अक्षरपट्टीने रसभंग होतो." ज्या गृहस्थांनी त्या मुलाच्या हातांची तक्रार केली, त्यांचा हा आक्षेप. रसभंग होत असेलही, क्षणभर. तेच गृहस्थ घरी परभाषेतील चित्रपट अक्षरपट्टी लावून आवडीने पाहतात, तेव्हा त्यांचा रस अभंग राहतो. आपल्याला न कळणारी भाषा असली की पट्टी हवी. दुसऱ्याला न कळणारी असली की पट्टी नको. याला रसिकता म्हणावयाचे असेल तर आम्ही अरसिक राहणे पसंत करू.

चौथा आक्षेप सौम्य आहे, म्हणून अधिक फसवा आहे. "त्यांना वाचता येते ना? मग पट्टी लावली की झाले, दुभाष्या कशाला?" उतारवयात ज्याचे ऐकणे गेले त्याला पट्टी पुरते, कारण मराठी त्याची मातृभाषा आहे. जो जन्मतः कर्णबधिर आहे, त्याने मराठी कधी कानाने ऐकलेलीच नाही. ती त्याला शाळेत डोळ्यांनी, कष्टाने शिकावी लागते. त्याच्या लेखी ती दुसरी भाषा आहे. भराभर पळणाऱ्या ओळींतील श्लेष आणि टोमणे त्याला दुसऱ्या भाषेत पकडावे लागतात. म्हणून पट्टीही हवी आणि दुभाष्याही हवा. एकाच्या नावाने दुसऱ्याला वगळणे म्हणजे एका डोळ्याला चष्मा देऊन दुसरा झाकण्यासारखे आहे.

या सर्वांवर कायद्याचे म्हणणे काय? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे २९ वे कलम कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणण्यास सांगते. ४२ वे कलम दृक्‌श्राव्य माध्यमांत खुणांची भाषा आणि अक्षरपट्टी मागते. ४५ वे कलम अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून ५ वर्षांच्या आत सर्वांसाठी सुगम करा, असे बजावते. नियम २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत २०२२ मध्येच सरली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रगृहांतील चित्रपटांसाठीही मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना ६ महिने आणि इतरांना २ वर्षे दिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी यांच्या खटल्यात निकाल दिला की, सुगमतेचे किमान निकष हे सल्ल्याच्या स्वरूपाचे असून भागणार नाही, ते बंधनकारकच असले पाहिजेत. तेव्हा जे आम्ही मागतो ते औदार्य नव्हे. ते थकलेले देणे आहे.

मात्र याच अधिनियमातील सार्वजनिक इमारतीची व्याख्या वाचताना आम्ही थबकलो. तिच्यात सांस्कृतिक आणि करमणुकीच्या इमारतींबरोबर धार्मिक उपयोगाच्या इमारतीही आहेत. महापालिकेकडे रोखलेले बोट येथे आपल्याकडे वळते. आपली चर्चे, आपली धर्मग्रामांची सभागृहे, आपली नाताळची नाटके, आपले साहित्यमेळावे, हे सारे त्या व्याख्येच्या बाहेर नाही.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा इतिहास उजळ आहे आणि डागाळलेलाही आहे. दोन्ही बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूंची गाठ दोन कर्णबधिर बहिणींशी पडली. त्यांनी त्या मुलींच्या खुणा पुसल्या नाहीत, त्या स्वतः शिकून घेतल्या आणि गरीब कर्णबधिरांसाठी विनामूल्य शाळा काढली. आपल्या मुंबईतही कर्णबधिरांची शाळा काढली ती जेसुइट बिशप लिओ म्युरिन यांनी, १८८५ च्या सुमारास. देशातील अशा शाळांचा प्रारंभ तिच्यापासून मानला जातो. पण १८८० साली मिलान येथे शिक्षकांची जी परिषद भरली आणि जिने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला, तिच्या अध्यक्षस्थानीही एक कॅथलिक धर्मगुरूच होते. सभागृहातील मतदारांत कर्णबधिर शिक्षक होता अवघा एक. त्या ठरावाची सावली शंभर वर्षे जगभरातील शाळांवर पडली. मुलांनी हात खाली ठेवून ओठ वाचावेत, असा दंडक झाला. १३० वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच परिषदेच्या वारसांनी व्हँकुव्हर येथे त्याबद्दल खेद व्यक्त केला. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्यांनाच न विचारण्याची चूक किती महाग पडते, याचा हा धडा आहे.

आपल्याला हे समजणे कठीण जाऊ नये. आपल्या आजीआजोबांना आठवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडण्यापूर्वी ते लॅटिन मिस्सेला बसत. वेदीकडे पाहत, घंटा वाजली की गुडघे टेकत, आणि शब्द कळत नसल्यामुळे जपमाळ ओढत राहत. त्यांची श्रद्धा उणी नव्हती. पण प्रभूचे शब्द आपल्या भाषेत ऐकण्याचा हक्क त्यांना होता आणि तो त्यांना उशिरा मिळाला. मराठी मिस्सा पहिल्यांदा ऐकून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांची आपण नातवंडे. आज आपल्याच बाकावर शेजारी बसलेला कर्णबधिर भाऊ किंवा बहीण अजूनही त्या लॅटिन मिस्सेत बसलेली आहे, हे आपल्या ध्यानात कसे येत नाही?

जेथे ध्यानात आले तेथे काय होते, तेही पाहा. २००७ मध्ये कोरियातील सेऊल येथे पार्क मिन-सो हे कर्णबधिर तरुण धर्मगुरू झाले. मे २०२४ मध्ये आपल्या देशात, केरळातील त्रिशूर येथे, जोसेफ थेर्मादोम यांना गुरुदीक्षा मिळाली. हातांच्या भाषेत मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू आज भारतात आहे. ज्यांना आपण 'त्यांना काय कळते' म्हणून मागच्या बाकावर बसवत आलो, त्यांच्यातूनच वेदीवर उभा राहणारा निघाला.

म्हणून नाशिक धर्मप्रांतातील कुटुंबांना आमची विनंती आहे की, आरंभ महापालिकेपासून नको, घरापासून करू. येत्या नाताळच्या नाटकापासून करू. गीतांचे शब्द दाखवण्यासाठी अनेक चर्चमध्ये आज प्रक्षेपक आहे. त्याच प्रक्षेपकावर वाचने आणि प्रवचनातील मुख्य मुद्दे का दिसू नयेत? त्याच पडद्यावर मुलांच्या नाटकाचे संवाद का येऊ नयेत? पहिल्या बाकाची उजवी बाजू राखून ठेवण्यास कोणाची परवानगी लागते? धर्मग्रामातील दोन-चार तरुणांनी खुणांची भाषा शिकावी. केंद्राच्या कोशातील चित्रफिती विनामूल्य पाहावयास मिळतात. पण त्याहून चांगले शिक्षक आपल्याच वस्तीत राहतात. त्या कर्णबधिर माणसांकडेच विद्यार्थी म्हणून जावे. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे. घरातील ऐकू येणाऱ्या मुलाला फुकटचा दुभाष्या करू नये. त्यालाही नाटक पाहू द्यावे.

यात्रांचाही विचार व्हावा. बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत दूरदूरहून भाविक नाशिकरोडला येतात. कोणत्याही अशा गर्दीत मूल हरवले तर त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारण्याची रीत आहे. मुलाची आई कर्णबधिर असेल तर? तिचे मूल शंभर पावलांवर सुखरूप उभे असते, त्याचे नाव साऱ्या मैदानाला ऐकू जाते, फक्त तिला नाही. मोठ्या अक्षरांचा एक उजळ फलक एवढ्याने तिचा जीव भांड्यात पडेल.

हे घरी केले की मग शहराकडे मागण्याचा अधिकार आपल्याला येईल. तेव्हा मागावे की महापालिकेच्या प्रत्येक नाट्यगृहात महिन्यातून एक तरी प्रयोग अक्षरपट्टी आणि दुभाष्यासह व्हावा, व त्याची जाहिरात आधी व्हावी. तिकिटाची चौकशी केवळ दूरध्वनीवर नसावी, संदेश पाठवूनही करता यावी. आग लागल्याची सूचना केवळ भोंग्याने नव्हे, तर दिव्याच्या उघडझापीनेही मिळावी. व्याख्यानमालेत वक्त्याच्या शेजारी दुभाष्याला जागा असावी. आणि फाळक्यांच्या स्मारकात तरी, निदान तेथे तरी, मूकपटांच्या जनकाची कथा कर्णबधिर मुलाला त्याच्या भाषेत सांगणारी एक चित्रफीत असावी. नाशिकमध्ये श्रवण विकासाची शाळा आहे, कर्णबधिर तरुण आहेत, त्यांचे पालक आहेत. या मागण्यांची यादी करताना पहिल्या बैठकीला त्यांना बोलवावे. मिलानची चूक पुन्हा करू नये.

२४ जानेवारीला आपण संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण साजरा करतो. एका कर्णबधिर माणसाला त्यांनी खुणांनी धर्मशिक्षण दिले आणि आपल्या घरी ठेवून घेतले. ख्रिस्तसभा त्यांना कर्णबधिरांचे आश्रयदाते मानते. लेखकांचे आणि पत्रकारांचे आश्रयदातेही तेच. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी तसे जाहीर केले. लिहिणारे आणि ऐकू न येणारे एकाच संताच्या छायेखाली आहेत. त्यामुळे साहित्याच्या नावाने निघणाऱ्या या पानांना या प्रश्नावर गप्प बसण्याची मुभा नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायातली घटना आपण प्रवचनांत अनेकदा ऐकली आहे. लोकांनी एका कर्णबधिर माणसाला प्रभूकडे आणले. प्रभूने काय केले, त्याचा क्रम लक्षात घ्या. त्याने त्याला गर्दीपासून बाजूला घेतले. त्याच्या कानांत बोटे घातली. त्याच्या जिभेला स्पर्श केला. आकाशाकडे पाहिले. आणि त्यानंतरच 'इफ्फाथा' हा शब्द उच्चारला. जो ऐकू शकत नव्हता त्याच्याशी प्रभू आधी त्याच्या भाषेत बोलला, स्पर्शाच्या आणि खुणांच्या भाषेत. चमत्कार करणे आपल्या हाती नाही. चमत्कारापूर्वीचे ते जे काही आहे, ते मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

'मोकळा हो' हा आदेश आम्हाला आता त्या माणसाच्या कानांना दिलेला वाटत नाही. तो आपल्या सभागृहांच्या बंद दारांना दिलेला वाटतो. तो अकरा वर्षांचा मुलगा पुढच्या वेळी आईवडिलांच्या मधोमध बसेल, तेव्हा त्याचे हात त्याच्या मांडीवर स्वस्थ असावेत आणि डोळे रंगमंचावर असावेत. एवढे नाशिकने करावे. त्याआधी आपण करावे.